लांकडाच्या गाभ्यापर्यंत रंग

लहान मुलाचा लांकडी भोंवरा चार दिवस अंगणांत फिरला, कीं त्याच्या कडेचा रंग उडतो आणि आंतलें पांढरें लांकूड डोकावूं लागतें. त्याच मुलाच्या दप्तरांतली पेन्सिल घ्यावी. तिला टोक करतांना जें टरफल निघतें तें निरखून पाहिलें, तर बाहेरचा चकचकीत रंग केवळ केसाएवढ्या कडेपुरता आहे, आणि त्याच्या आंतलें लांकूडही पुष्कळदां तांबूस, एखाद्या पेन्सिलींत तर पार कोळशासारखें काळें आहे, असें आढळेल. हा तांबूसपणा किंवा काळेपणा झाडानें दिलेला नाहीं. आपल्या देशांतील पेन्सिलींना लागणाऱ्या पट्ट्या मोठ्या प्रमाणावर काश्मीरमधील पॉप्लरच्या असतात, आणि तें लांकूड मूळचें फिकट पांढरें. कारखान्यांत अशा पट्ट्यांना रंग व मेण पाजतात, मग त्यांची पेन्सिल होते. भोंवऱ्याला रंग लावलेला असतो. पेन्सिलीच्या लांकडांत तो भरलेला असतो. लावणें आणि भरणें या दोन क्रियांमध्यें जें अंतर आहे, त्याचा हा विचार आहे.

हा विचार कुपवाडच्या आसपास करण्यास विशेष कारण आहे. सांगली आणि मिरज या दोन शहरांशीं हें गांव इतकें जोडलें गेलें आहे कीं १९९८ सालीं तिघांची मिळून एकच महानगरपालिका झाली. सांगलीची ओळख हळदीच्या पेठेची. त्या हळदीस २०१८ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. मिरजेची ओळख तंतुवाद्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारें घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब सतारमेकर यांनीं तेथें सतारी व तंबोरे घडविण्यास आरंभ केला, आणि तेथील सतारीस व तंबोऱ्यासही २०२४ मध्यें तसेंच मानांकन लाभलें. कुपवाडांत स्वतः औद्योगिक वसाहत आहे. तेथें लेथ म्हटला म्हणजे लोखंड कातणारा. एका हाताशीं रंग, दुसऱ्या हाताशीं लांकूड, आणि मध्यें पंप, टाक्या व लेथ ओळखणारीं माणसें, असा हा योग आहे. आरपार रंगलेल्या लांकडाच्या कातकामास लागणारें सर्व साहित्य येथें चार-सहा मैलांत मिळूं शकतें. तरीही महाराष्ट्रांत लांकडाच्या रंगाचें नांव काढलें, कीं मन सावंतवाडीकडेच जातें, आणि तेंही योग्यच आहे.

सावंतवाडीच्या चितारआळींतील खेळणीं, फळें व पाट कोणीं पाहिले नाहींत? पांगाऱ्यासारख्या हलक्या लांकडावर तेथील कारागिरांनीं पिढ्यान् पिढ्या रंग चढविला. १९७० च्या दशकांत तेथील राजघराण्यांतील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोंसले यांनीं ही कला पुन्हां सांवरून धरली नसती, तर आज तिची कथाच सांगावी लागली असती. लाखेच्या कातकामाची रीत मोठी देखणी आहे. लाखेंत रंग मिसळून त्याच्या कांड्या करतात. वस्तु लेथवर गरगर फिरत असतांना कांडी तिच्यावर दाबून धरली, कीं घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळते व लांकडावर पसरते. मग केवड्याच्या जातीच्या पानानें ती घोटली म्हणजे आरशासारखी चमकते. कर्नाटकांतील चन्नपट्टणचे कारागीरही हेंच करतात. त्यांचें आवडतें लांकूड म्हणजे आपला काळा कुडा. ज्या झाडाच्या पानांतून निळीसारखा रंग निघतो, त्याचेंच लांकूड रंगाविना पांढरेंशुभ्र असतें, ही गंमत लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

लाखेचा हा थर सुंदर खरा, परंतु तो कवच आहे. वस्तु आपटली तर टवका निघतो, आणि कातून पुरी झाल्यावरच तो चढवितां येतो. एकदां रंग चढला, कीं पटाशी पुन्हां लावण्याची सोय नाहीं. आरपार रंगलेल्या ठोकळ्याची गोष्ट निराळी. तो आधीं रंगतो व मागून कातला जातो. पटाशी कितीही खोल गेली तरी प्रत्येक छिलक्यांत तोच रंग. म्हणूनच कातारी मंडळींना त्याचें आकर्षण. मग सारेंच लांकूड असें कां रंगवीत नाहींत? रंगाच्या पिंपांत ठोकळा आठ दिवस बुडवून ठेवला म्हणजे झालें, असें कोणासही वाटेल. तो बुडवावा, काढावा आणि मधोमध चिरावा. चारी अंगांस रंगाची एक बारीक रेघ दिसेल, दोन्ही टोंकांकडून तो बोट-दोन बोटें आंत गेलेला दिसेल, आणि पोट तसेंच पांढरें राहिलेलें आढळेल.

याचें कारण लांकडाच्या जन्मांत आहे. लांकूड म्हणजे मुळापासून पानापर्यंत पाणी चढविणाऱ्या उभ्या नळ्यांची मोळी. ज्यांच्या घरीं गुलछडी येते त्यांनीं तिचा देंठ तिरपा कापून निळ्या शाईच्या पाण्यांत ठेवून पाहावा. कांहीं तासांत पाकळ्यांवर निळी झांक येते. फूल बाहेरून कोणीं रंगविलें नाहीं. पाणी ज्या वाटेनें चढतें त्याच वाटेनें रंग चढला. लांकडाचीही हीच वाट आहे. आडवा कापलेला ओंडका पाहिला तर कित्येक जातींत या नळ्यांचीं तोंडें टांचणीच्या टोंकानें पाडलेल्या भोंकांसारखीं नुसत्या डोळ्यांनीं दिसतात. त्या तोंडांतून रंग सरळ धांवतो. परंतु एका नळींतून शेजारच्या नळींत जावयाचें, म्हणजे भिंतींतील अतिसूक्ष्म छिद्रें व त्यांवरील पडदे ओलांडावयाचे. तेथें त्याची गति खुंटते. म्हणून रेषेच्या दिशेनें रंग बोटांनीं मोजावा आणि आडव्या दिशेनें केसांनीं.

ही वाट ओळखून तिचा उपयोग करणारा एक विलक्षण मनुष्य फ्रान्समध्यें होऊन गेला. १८४० च्या सुमारास ऑग्युस्त बुशरी नांवाच्या वैद्यानें असा विचार केला कीं झाड स्वतःच पाणी ओढतें, तर त्यासच औषध कां पाजूं नये? त्यानें उभ्या झाडाच्या बुंध्यास खांच पाडून तेथें विद्राव पुरविला, आणि पानांनीं तो शेंड्यापर्यंत ओढून घेतला. पुढें तोडलेल्या ताज्या ओंडक्याच्या एका टोंकास घट्ट टोपण बसवून, उंचावरील टाकींतून नळीनें मोरचुदाचें पाणी सोडण्याची रीत त्यानें बसविली. दुसऱ्या टोंकानें आधीं झाडाचा रस बाहेर पडे व त्यामागून मोरचूद येई. लांकूड कुजूं नये हा मुख्य हेतु होता, आणि तारायंत्राचे पुष्कळ खांब या रीतीनें टिकाऊ झाले. परंतु रंगही याच वाटेनें भरतां येतो हें त्यानें दाखवून दिलें. लांकूड ताजें असतांना, त्याची वाट अजून उघडी असतांना, तें सर्वांत आज्ञाधारक असतें.

सर्व लांकूड मात्र एकसारखें उघडें नसतें. खोडाचा बाहेरचा पांढरा भाग पाण्याची ये-जा चालू असलेला, तर आंतला गडद गाभा निवृत्त झालेला. गाभा होतांना झाड आपल्या नळ्या बंद करतें. कित्येक जातींत शेजारच्या पेशींतून बुडबुड्यांसारख्या वाढी नळींत शिरून बुचासारख्या बसतात, शिवाय राळ, तेल व कषाय द्रव्यें भिंतींत मुरतात. सागाचा गाभा पावसाळे सोसतो तो याच बंदोबस्तामुळें. त्यास रंग पाजावयास जाणें म्हणजे किल्ल्याचा दरवाजा बंद झाल्यावर आंत जाण्याचा हट्ट होय. पांगारा, सांवर, काळा कुडा, पॉप्लर, आंब्याचा बाहेरचा भाग यांसारखें फिकट व मोकळें लांकूडच या कामास निवडावें. रंगारी कितीही कुशल असो, निम्मा निकाल लांकूड निवडतांनाच लागलेला असतो.

येथें एक आडवी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. ज्या गाभ्यांत माणसाला रंग भरतां येत नाहीं, त्यांत झाड स्वतः तो भरतें. हळदूचें लांकूड नांवाप्रमाणें पिवळसर; फणसाचा गाभा इतका पिवळा, कीं ब्रह्मदेश व सयाम या देशांत बौद्ध भिक्षूंचीं वस्त्रें त्याच्या काढ्यांत रंगवीत; रक्तचंदन तर नांवानेंच तांबडें; टेंभुर्णीच्या जातींतून काळा आबनूस मिळतो. युरोपांत एका बुरशीनें पडलेलें हिरवें लांकूड पंधराव्या-सोळाव्या शतकांतील इटालियन जडावकाम करणारे मुद्दाम शोधून वापरीत. हे सर्व रंग आरपार असतात आणि फुकट मिळतात. मात्र त्यांची संख्या थोडी, आणि निळा तर जवळजवळ नाहींच.

सांगलीची हळद हाताशीं असतांना प्रथम तीच कोणासही सुचेल. ती एका परीनें उत्तम गुरु आहे, कारण ती तीन चुका एकदम दाखविते. हळद पाण्यांत ढवळली म्हणजे पाणी पिवळें दिसतें खरें, परंतु तिचें रंगद्रव्य पाण्यांत फारसें विरघळत नाहीं. दिसतात ते तरंगणारे कण. लांकूड हें कणांपुढें गाळणीसारखें वागतें. पाणी आंत जातें, कण दारांतच अडकतात. म्हणून भिंतीचे रंग, गेरू, काजळ यांसारखे भुकटीचे रंग आरपार जाण्याची आशाच करूं नये. पूर्ण विरघळणारा रंगच हवा. स्पिरिटांत हळदीचा रंग विरघळतो व पुष्कळ आंत शिरतो; पण मग दुसरी अडचण. चुना लागतांच हळदीचें कुंकू होतें हें प्रत्येक घरास ठाऊक आहे. तेव्हां हळदीनें रंगलेली वाटी क्षाराच्या साबणानें धुतली, कीं तिच्यावर तांबडे डाग पडलेच. आणि तिसरी, सर्वांत मोठी अडचण सूर्याची. उन्हांत हळदीचा पिवळेपणा पाहतां पाहतां उडतो. रंग खोल गेला म्हणजे तो पक्का झाला असें नव्हे. खोली एक गुण, पक्केपणा दुसरा. १८५६ सालीं अठरा वर्षांच्या पर्किननें डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग काढल्यापासून विरघळणाऱ्या रंगांची उणीव उरली नाहीं, पण त्यांतील पुष्कळ सुंदर रंग याच परीक्षेंत नापास होतात.

आतां मुख्य शत्रु. तो म्हणजे हवा. लांकूड पाण्यावर तरंगतें, म्हणून तें पाण्याहून हलकें असा समज आहे. वस्तुतः लांकडाचें घन द्रव्य पाण्याच्या सुमारें दीडपट जड आहे. तरंगते ती त्याच्या नळ्यांतील हवा. हिशेब करून पाहावा. पाण्याच्या निम्म्या घनतेच्या कोरड्या लांकडाचा १०० ग्रॅमचा ठोकळा २०० घन सेंटिमीटर जागा व्यापतो. त्यांत खरें लांकूड केवळ ६७. उरलेले १३३ घन सेंटिमीटर हवा आहे. म्हणजे हा ठोकळा आपल्या वजनाहून अधिक रंग पिऊं शकतो, फक्त आधीं हवेनें जागा सोडली पाहिजे. पिंपांत नुसता बुडविलेला ठोकळा हवा तोंडांत धरून बसतो.

हवा काढण्याचा गरिबाचा उपाय उष्णतेचा. ठोकळे रंगाच्या उकळत्या पाण्यांत कांहीं तास बुडवून ठेवावे, म्हणजे आंतली हवा फुगून बाहेर पडते व तिच्या जागीं वाफ येते. मग चुलीवरून उतरून त्याच भांड्यांत, बुडालेल्या स्थितींतच, थंड होऊं द्यावे. वाफ निवतांच आंत पोकळी होते आणि ती रंग ओढून घेते. घाई करून ऊन ऊन ठोकळे बाहेर काढले, तर ते रंगाऐवजीं वारा पितात. सारी मेहनत फुकट.

दुसरा उपाय पंपाचा. जाड भिंतीच्या भांड्यांत ठोकळे वजनाखालीं बुडवून वरची हवा पंपानें ओढली, म्हणजे सोड्याच्या बाटलींतल्यासारखे बुडबुडे सुटूं लागतात. ते जवळजवळ थांबेपर्यंत पंप चालूं ठेवावा. यास तास-दोन तासही लागतात. (रंग कोमट असला, तर कमी दाबाखालीं तो स्वतःच उकळूं लागतो, आणि नवशिका तेच बुडबुडे हवेचे समजून वाट पाहत बसतो. स्पिरिटाच्या रंगावर पंप चालविणें तर आगीस आमंत्रण.) पुष्कळांची समजूत अशी कीं पंप चालू असतांनाच रंग आंत जातो. तेव्हां केवळ हवा बाहेर येते. रंग शिरतो तो पंप बंद करून झडप उघडल्यावर. त्या क्षणीं वातावरण दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोच्या भारानें त्यास आंत ढकलतें. म्हणून त्यानंतर ठोकळे लगेच काढूं नयेत, रात्रभर तसेच बुडलेले ठेवावे. रंगानें भरलेला ठोकळा वजन काढून घेतल्यावरही तळाशींच राहतो.

याहून अधिक जोर हवा असेल तर टाकी बंद करून वरून दाब द्यावा लागतो. १८३८ सालीं जॉन बेथेल या इंग्रजानें हीच रीत रेल्वेच्या स्लीपरांना तेल पाजण्यासाठीं बसविली. आपल्या देशांतही या विद्येचा मोठा प्रपंच आहे: देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंटी कामेशम् यांनीं १९३३ मध्यें तांबें, क्रोम व सोमल यांचें मिश्रण शोधून काढलें, तें दाबाच्या टाकींत लांकडास पाजून जगभर खांब टिकविले गेले. त्या लांकडास हिरवट झांक येते. मात्र त्यांत सोमल आहे, तेव्हां ती झांक कितीही आवडली तरी असें लांकूड लेथवर कातूं नये, त्याची भुकटी विषारी असते.

हवा गेली, रंग शिरला, तरी एक सूक्ष्म अडचण उरते. लांकडाच्या भिंती रंगास धरून ठेवतात. पुढें पाणी जात राहतें, पण रंग वाटेंतच संपतो, आणि मधल्या भागास उरतें तें जवळजवळ स्वच्छ पाणी. निळा व पिवळा मिसळून हिरवा करावा, तर एक रंग मागें राहतो, दुसरा पुढें धांवतो, आणि चिरलेल्या ठोकळ्यांत हिरव्याऐवजीं दोन पट्टे दिसतात. याचा उलगडा रंगांच्या जातींत आहे. अल्कधर्मी जातीचे भडक रंग लांकडास इतके घट्ट चिकटतात कीं ते पृष्ठभागाजवळच खर्ची पडतात. लोंकर व रेशीम रंगविण्याचे आम्ल रंग लांकडाशीं फारशी सलगी करीत नाहींत, म्हणूनच ते खोल पोंचतात. जो कमी चिकटतो तो दूर जातो, आणि अर्थातच तो ओलाव्यानें सुटूंही शकतो.

काळ्या रंगासाठीं आपल्या पूर्वजांची शाई उपयोगी पडते. हिरडा व हिराकस एकत्र आले कीं काळें होतें. दोन्ही द्रव्यें वेगळालीं असतांना जवळजवळ बिनरंगी विद्राव. तीं एकामागून एक लांकडांत पाजलीं तर काळेपणा वाटेंत न अडकतां आंत, ठरल्या जागीं, जन्मास येतो. बाभळीसारख्या लांकडांत तर कषाय द्रव्य आधींच असतें, त्यास हिराकशीचें पाणीच पुरे. अठराव्या शतकांतील इंग्रज सुतार पांढऱ्या सिकॅमोर लांकडास हिराकशीनेंच रुपेरी करडा रंग आणीत.

इतकें करूनही चार इंची ठोकळ्याचें पोट रंगेलच असें नाहीं. येथें कातारी रंगाऱ्याहून शहाणा ठरतो. तो लांकूड आधीं ओबडधोबड कातून घेतो. दहा इंची वाडगा असेल तर त्याची भिंत सुमारें एक इंच जाड ठेवतो. मग रंग पाजतो, वाळवितो, आणि शेवटचा हात मागून फिरवितो. रंगास आतां दोन्ही बाजूंनीं अर्धाच इंच जावयाचें असतें. पेन्सिलीच्या पट्टीचें रहस्य हेंच, आणि आज बाजारांत ज्या रंगीबेरंगी लांकडी बांगड्या, सुऱ्यांच्या मुठी व पेनें दिसतात त्यांचेंही हेंच: लांकूड कागदासारखें पातळ सोलून, प्रत्येक पापुद्रा रंगवून, मग सर्व दाबून चिकटविलेले असतात. खोलवर रंग नेणें कठीण, म्हणून खोलीच काढून टाकली. या युक्तीचें कौतुक करावें तितकें थोडें.

वाळविण्याकडे दुर्लक्ष करणारे पुष्कळ, आणि काम बिघडतें तें तेथेंच. पाणी पृष्ठभागावरून उडतें. आंतलें पाणी बाहेर येतांना न चिकटलेला रंग बरोबर घेऊन येतें. घाईनें उन्हांत वाळविलेला ठोकळा बाहेरून गडद व आंतून फिका होतो, आणि तडकतो तें निराळेंच. सांवलींत, टोंकांना मेण लावून, आठवड्यांच्या हिशेबानें वाळवावें. आठवड्यास एकदां तराजूवर ठेवून वजन उतरणें थांबलें कीं काय तें पाहावें. हातास कोरडें लागणें ही खूण फसवी आहे. अलीकडे पाण्याऐवजीं पातळ कृत्रिम राळेंत रंग मिसळून तीच निर्वात भांड्यांत पाजतात व भट्टींत घट्ट करतात. तेथें लांकूड पूर्ण कोरडें लागतें, खर्चही बराच, पण रंग पुन्हां बाहेर येत नाहीं.

हा सारा खटाटोप कोठें करावा? मुलांच्या खेळण्यांसाठीं नव्हे. मूल खेळणें तोंडांत घालतें; न चिकटलेला रंग लाळेनें सुटतो, आणि कापडाचा प्रत्येक रंग पोटांत जाण्यायोग्य नसतो. तेथें सावंतवाडीची लाखच शहाणी, रंग मात्र तिच्यांत निर्धोक मिसळलेले असावे. परंतु मिरजेच्या तंबोऱ्याची खुंटी घ्यावी. ती भोंकांत घट्ट बसून रोज फिरते. जेथें ती घासते तेथें पॉलिश ठेवतां येत नाहीं, ठेवलें तर खुंटी निसटते. तिला शिसवीसारखें अंगचाच रंग असलेलें कठीण लांकूड लागतें, आणि तसें लांकूड दिवसेंदिवस महाग होत आहे. युरोपांत व्हायोलिनच्या स्वस्त खुंट्यांसाठीं नासपतीचें लांकूड काळें करून आबनुसाच्या जागीं चालविलें गेलें. आपल्याकडे एखादें घट्ट पण फिकट लांकूड हिराकशीनें आरपार काळें करून खुंटीस लावून पाहणें अशक्य नाहीं. रंग साधेल, तिढा सोसण्याची ताकद मात्र रंगानें येत नाहीं, ती लांकडांत आधींच असावी लागते. बुद्धिबळाच्या सोंगट्या, शिक्क्यांच्या मुठी, बटणें, पेनें ह्या वस्तु त्याहून सोप्या. ज्या हातांनीं रोज झिजतात, त्यांतच आरपार रंगाचें चीज होतें.

ज्यांस हें करून पाहावयाचें असेल त्यांनीं प्रत्येक खेपेस एक ठोकळा जास्त घालावा आणि वाळल्यावर तो मधोमध चिरावा. वजन, बुडबुडे, तळाशीं बसणें ह्या सर्व खुणा आहेत. चिरलेला ठोकळा हा पुरावा. आणि उरलेला रंग गटारांत ओतूं नये. तो गाळून झांकून ठेवला तर पुढच्या खेपेस पुन्हां कामास येतो, आणि सांगली-मिरजेच्या गटारांतून निघालेलें पाणी अखेर कृष्णेच्याच वाटेस लागतें.